जर्सी किती लिटरची?

परवा पोरगा म्हणाला, "बाबा, मला जर्सी घ्यायची."

ओसरीवर तंबाखू मळत बसलेल्या आमच्या अण्णांनी हात थांबवला. "किती लिटरची?"

पोरगा म्हणाला, "अण्णा, अर्जेंटिनाची."

अण्णा म्हणाले, "एवढ्या लांबून कशाला? वाटंतच आटती. वसमतच्या बाजारात बघ."

तर हे असं आहे. हिंगोली जिल्ह्यात जर्सी म्हणजे गाय. फुटबॉलवाल्यांनी आधी एवढं समजून घ्यावं, मग पुढचं बोलावं.

बरं, अण्णांचं फारसं चुकलंही नाही. इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या समुद्रात जर्सी नावाचं बेट आहे. तिथल्या गाईचं नाव जर्सी आणि तिथल्या विणलेल्या लोकरी अंगरख्याचंही नाव जर्सी. गाव एक, माल दोन. गाय दूध देते. अंगरखा नुसता घाम पितो.

शहाणा माणूस कोणती घेईल?

आता जगातले शहाणे काय करतात ते बघा. अंगातल्या त्या कपड्याला म्हणायचं काय, यावरच त्यांचं भांडण. ब्रिटनचा माणूस 'किट' म्हणतो, 'शर्ट' म्हणतो, 'स्ट्रिप' म्हणतो. अमेरिकेचा 'युनिफॉर्म' म्हणतो, 'जर्सी' म्हणतो. एकाने दुसऱ्याचा शब्द वापरला की पहिल्याच्या कपाळावर आठी. चेंडू राहिला बाजूला, कपड्यावरून फाऊल.

खेळाच्या नावावरूनही तेच. 'सॉकर' म्हटलं की इंग्रज नाक मुरडतो. अमेरिकेने खेळ बाटवला म्हणतो. पण 'असोसिएशन' या शब्दाची मोडतोड करून 'सॉकर' केला कुणी? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडच्याच कॉलेजातल्या पोरांनी. मुलगी दिली आपणच आणि आता सासरचं आडनाव लावते म्हणून रुसून बसलेत.

हे सगळे शब्द हिंगोलीला येऊन गेले. एकालाही जागा मिळाली नाही.

'स्ट्रिप' मेडिकलवर मिळते. मागून बघा. "तापाची देऊ का ॲसिडिटीची?"

'किट' बांधकाम कामगार मंडळाचं. त्यासाठी नोंदणी लागते, आधार लागतो, अंगठा लागतो. किट मिळालेल्या प्रत्येकाने वीट उचलली आहे का, हे मात्र विचारू नका.

'टॉप' मुलींचा. 'युनिफॉर्म' कंडक्टरचा. 'शर्ट' लग्नात आहेराचा, तोही न शिवलेला.

मग आमचा शब्द कोणता? एकच. ड्रेस.

शाळेचा ड्रेस. बँडवाल्याचा ड्रेस. टीमचा ड्रेस. सुनेने साडी सोडून घातला तर तोही ड्रेस. एका शब्दात अख्खा जिल्हा झाकला. आहे का इंग्रजीत अशी काटकसर?

'गणवेश' आहे की, असं भाषेचे शिक्षक म्हणतील. आहे ना. सावरकरांनी मराठीला दिलेला नेटका शब्द आहे. तो सरकारी पत्रकात असतो. पत्रक संपलं की तोही ड्रेसच होतो.

या गणवेशाचं भाग्य बघा. राज्य सरकारने २०२४-२५ मध्ये 'एक राज्य, एक गणवेश' आणला. सगळ्या सरकारी शाळांना एक रंग, एक कापड. मापं मात्र पोरागणिक वेगळी निघाली. कुणी काय करणार? गणवेश उशिरा आले, काही अंगात जाईनात, काहींतून अंग दिसेना. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिली.

एक राज्य झालं. एक गणवेशही झाला असता. पोरंच एका मापाची निघाली नाहीत.

खरं तर कपड्यावरून माणूस ओळखायची विद्या या गावाला जुनी आहे. हिंगोलीत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. छावणी गेली, नावं राहिली. रिसाला, पलटण, तोफखाना, पेन्शनपुरा. पत्ता सांगितला तरी कवायत केल्यासारखं वाटतं. आजही राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक १२ इथेच आहे.

एवढ्या वर्दीच्या गावात फुटबॉलच्या ड्रेसला कोण विचारतो?

फुटबॉलच्या नियमावलीत मात्र चौथा नियमच ड्रेसचा आहे. पाच वस्तू सक्तीच्या. बाह्यांचा शर्ट, हाफ पँट, मोजे, नडगीला पॅड आणि बूट. बाह्यांवर फिफाचा विशेष जीव. २००२ मध्ये कॅमेरूनने बिनबाह्यांचा शर्ट काढला, फिफाने हरकत घेतली. २००४ मध्ये त्यांनी वर-खाली एकत्र शिवलेला एकसंध ड्रेस घातला. फिफाने पुढच्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीतले त्यांचे सहा गुण कापले, नंतर परतही दिले.

आमच्याकडे वर-खाली एकत्र शिवलेला ड्रेस दोन वर्षांपर्यंतच घालतात. त्याला झबलं म्हणतात.

आणि नडगी! काय शब्द आहे. इंग्रजीत तिथे नुसतं हाड आहे. मराठीत 'नडगी' म्हटलं की दुखायला लागतं. आम्ही नडगीला पॅड म्हणून मोज्यात वहीचा पुठ्ठा घालायचो. गणिताच्या वहीचा. त्या वहीचा दुसरा उपयोग कुणाला ठाऊक होता?

बुटाचं तर बोलूच नका. १९११ मध्ये मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शिल्ड जिंकली, तीही बहुतेक सगळ्यांनी अनवाणी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपली बहुतेक टीम फ्रान्ससमोर अनवाणी उतरली आणि अवघी २-१ ने हरली. १९५२ मध्ये हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने दहा गोल घातले, तेव्हा कुठे देशाला बूट आठवले.

बूट घातले. मग पुढे काय झालं? ते क्रमवारीला विचारा.

आता मुद्द्यावर येतो. आठवणीच्या.

१९९८ चा जून. फ्रान्समध्ये विश्वचषक. हिंगोली तेव्हा जिल्हाही नव्हता, परभणीतला तालुका होता. स्वतःचा ड्रेस मिळायला १ मे १९९९ उजाडला. मी बारा वर्षांचा आणि ब्राझीलचा.

ब्राझीलचा का? सगळी गल्ली ब्राझीलची होती म्हणून. याहून पक्कं कारण राजकारणातही लागत नाही.

पिवळा टी-शर्ट पाहिजे होता. दुकानात पिवळा म्हणजे लग्नातल्या हळदीचा. माय म्हणाली, "हळदीचाच पाहिजे ना? आण इकडं बनियन." पातेल्यात पाणी उकळलं, डब्यातली हळद टाकली, बापाचं पांढरं बनियन बुडवलं. अर्ध्या तासात ब्राझील तयार.

बनियनला बाह्या नव्हत्या. कॅमेरूनच्या चार वर्षं आधी आम्ही फिफाला ओलांडलं होतं. नोंद कुठेच नाही.

नंबर पाहिजे. रोनाल्डोचा, नऊ. गावात नंबर टाकणारा माणूस एकच, गाड्यांच्या पाट्या रंगवणारा पेंटर. त्याने ब्रश ऑइल पेंटात बुडवला आणि विचारलं, "पुढं एमएच बावीस लिहू का?" परभणीचा पासिंग नंबर तो. नको म्हटलं. मग त्याने झोकात नऊ काढला. मराठी ९.

समोरच्या टीमला तो उलटा वाटला. गल्लीत महिनाभर मी 'उलटा रोनाल्डो'.

खाली शाळेची खाकी हाफ पँट. दुसरी होतीच कुठे? वर ब्राझील, खाली जिल्हा परिषद.

(देशात खाकी हाफ पँटची फुल पँट व्हायला पुढे २०१६ चा दसरा उजाडला. पण तो वेगळा संघ.)

खरी मजा धुताना. हळदीला साबण लागला की ती लाल होते. हे रसायनशास्त्र आहे, पण शाळेने शिकवलं नव्हतं, बनियनने शिकवलं. साबण लावला, ब्राझीलचा स्पेन झाला. पाण्यात खळबळून काढला, पुन्हा ब्राझील. उन्हात वाळत घातला आणि पिवळा उडू लागला. चार धुण्यांत पार पांढरा.

पांढरा ब्राझील. आता गंमत ऐका. तो चुकीचा नव्हता. जुना होता.

१९५० मध्ये ब्राझील पांढऱ्या शर्टात खेळायचा. त्या वर्षी घरच्या मैदानावर, माराकानात, उरुग्वेकडून २-१ ने हरला आणि देशाने सुतक पाळलं. खापर फोडायला काहीतरी पाहिजे होतं. शर्टावर फोडलं. म्हणे पांढऱ्यात देश दिसत नाही. १९५३ मध्ये एका वृत्तपत्राने स्पर्धा लावली, अट अशी की झेंड्यातले चारही रंग आले पाहिजेत. जिंकला अल्दिर गार्सिया श्ली नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा. जगातला सगळ्यात प्रसिद्ध पिवळा शर्ट त्याने काढला.

पोरगा कुठला? उरुग्वेच्या सीमेवरच्या गावचा. आणि पाठीराखा कुणाचा?

उरुग्वेचा.

आमच्या ब्राझीलचंही भलं झालं नाही. अंतिम सामन्यात फ्रान्सने तीन गोल घातले. सकाळी माय म्हणाली, "हारलं ना ते? मंग काढ अंगातलं, धुवाया टाक." भक्तीचा एवढा छोटा शोकसमारंभ मी पुढे कधी पाहिला नाही.

आता ती गंमत राहिली नाही. आता दसऱ्याला रामलीला मैदानात प्रदर्शन भरतं. पाळणे, मौत का कुआँ, भजी आणि दोरीवर टांगलेला सगळा युरोप. बार्सिलोना, माद्रिद, मँचेस्टर. हवा आली की तिन्ही एकाच वेळी डोलतात.

"ओरिजनल आहे का?"

"फस्ट कॉपी आहे, भाऊ."

"म्हणजे डुप्लिकेट."

"डुप्लिकेट दीडशेला. फस्ट कॉपी अडीचशे."

बघा. खोट्यातही इयत्ता आहेत. पहिली कॉपी, मास्टर कॉपी, सेम टू सेम. सगळ्यात खाली बिचारं डुप्लिकेट. भाऊ हे न हसता सांगतो.

हसावं तरी का? मोठ्या कंपन्या तेच करतात. त्यांच्या दुकानात एकाच शर्टाचे दोन प्रकार असतात. एक खेळाडू घालतो तसा, अंगाला चिकटणारा आणि महाग. दुसरा पाठीराख्यांसाठी, सैल आणि थोडा स्वस्त. सैल का? पाठीराख्याला पोट असतं हे कंपनीला माहीत आहे. आणि त्या दुसऱ्याला कंपनीच 'रेप्लिका' म्हणते. म्हणजे नक्कल. तीच नक्कल काही हजारांना.

मग रामलीला मैदानातला माल काय? नकलेची नक्कल. अडीचशेत. आता सांगा, फसवलं कुणी?

ही नक्कल विकायची अक्कल जुनी आहे. १९७० च्या दशकात लेस्टरच्या ॲडमिरल कंपनीने आधी लीड्स युनायटेडचा आणि मग इंग्लंडचा शर्ट बनवायला घेतला. नक्षी अशी केली की कंपनीचं चिन्ह लांबून दिसावं. मग तोच शर्ट पोरांच्या मापात काढला. त्याआधी पोरं कुठलाही लाल बनियन घालून आपल्या टीमची होत. त्यानंतर तोच लाल बनियन पाहिजे झाला, त्याच दुकानातला.

मग नक्षी बदलली. पोराचा बाप पुन्हा दुकानात. तेव्हापासून तो दुकानातच आहे.

आता वर्षाला तीन-तीन ड्रेस निघतात. होम, अवे आणि थर्ड. जगाला ही मोठी युक्ती वाटते. आमच्या मायला सांगून बघा. घरातले कपडे, बाहेरचे कपडे आणि पाहुण्यात जायचे कपडे. पाहुण्यातले जुने झाले की बाहेरचे, बाहेरचे फाटले की घरातले, घरातले विरले की फडकं. एका कापडात चार हंगाम. कुठल्या कंपनीला जमलंय?

रंगाचा महिमा मात्र मोठा. १३ एप्रिल १९९६. मँचेस्टर युनायटेड साउदम्प्टनच्या मैदानात करड्या ड्रेसमध्ये उतरली. मध्यंतरापर्यंत तीन गोल खाल्ले. त्यांचे प्रशिक्षक साहेब म्हणाले, करड्या रंगात पोरं एकमेकांना दिसत नाहीत. मध्यंतरात ड्रेस बदलला, निळे-पांढरे पट्टे चढवले. तरी हरले, ३-१.

नाचता येईना, अंगरखा करडा.

तरी ते बिचारे ड्रेस बदलून हरले. आमच्या जिल्ह्यात असं होत नाही. कळमनुरीचे आमदार संतोष बांगर ३ जुलै २०२२ ला विधानसभा अध्यक्षाच्या निवडीत ठाकरेंच्या बाजूने होते. ४ जुलैला विश्वासमताला शिंदेंच्या बाजूने. रात्र हेच मध्यंतर. २०२४ मध्ये पुन्हा निवडून आले.

ड्रेस बदलला की खेळ बदलतो, हे साउदम्प्टनला खोटं ठरलं. कळमनुरीला नाही.

आणि ओरिजनल कोणता, फस्ट कॉपी कोणती, हा वाद दसऱ्याच्या दोरीवरच असतो असं थोडंच आहे? महाराष्ट्रात त्यासाठी निवडणूक आयोग बसला, दोन-दोन पक्षांचा निकाल लावला. चिन्ह एकाला, नावही त्यालाच, मेळावे दोघांचे. गिऱ्हाईक अजून शिलाई तपासतंय.

असो. टीमचा ड्रेस कसा होतो, तेही पाहून घ्या.

गावात स्पर्धा ठरते. क्रिकेटची, अर्थात. फुटबॉलची ठरली तर ती चूक समजून दुरुस्त करतात. पहिला प्रश्न मैदानाचा नाही, चेंडूचा नाही. "ड्रेस कोण देणार?"

ड्रेस देणारा लगेच सापडतो. निवडणूक जवळ असेल तर तीन सापडतात. मग पोरं छपाईच्या दुकानात. संगणकासमोर बसलेला पोरगा विचारतो, "फोटो आणला का?" खेळाडूचा नाही हो. देणाऱ्याचा.

समोर छातीवर भाऊंचा फोटो. खाली 'भावी नगरसेवक'. डाव्या बाहीवर किराणा दुकान, उजव्या बाहीवर कृषी सेवा केंद्र. पाठीवर भाऊंच्या वडिलांचा फोटो, भावपूर्ण. कॉलरच्या आत 'सौजन्य'. शेवटी छपाईवाला विचारतो, "नंबर कुठं टाकू?"

जागा नाही. पोरं म्हणतात, "राहू द्या, भाऊ दिसले पाहिजेत."

जाहिरातीची ही युक्तीही जुनी. १९७३ मध्ये जर्मनीच्या आइंट्राख्ट ब्राउनश्वाइग क्लबला येगरमाइस्टर या दारूची जाहिरात छातीवर पाहिजे होती. नियम आडवा आला. जाहिरात चालत नाही, पण क्लबचं चिन्ह तर चालतं ना? त्यांनी आपला सिंह काढला आणि दारूच्या बाटलीवरचं हरीण चिन्ह म्हणून लावलं.

आपल्याकडे त्याला सोडा म्हणतात.

उलटं उदाहरणही आहे. बार्सिलोनाने कित्येक दशकं छाती कोरी ठेवली. २००६ मध्ये पहिलं नाव लावलं ते युनिसेफचं. आणि पैसे घेतले नाहीत, दिले. वर्षाला पंधरा लाख युरो. हे आमच्या भाऊंना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हिशेबात काहीतरी चुकतंय तुमच्या."

पाच वर्षांनी त्याच छातीवर कतार फाउंडेशन आलं. भाऊंचा हिशेब बरोबर होता.

नंबरवरून आठवलं. इंग्लंडच्या लीगमध्ये पाठीवर नंबर आला तो २५ ऑगस्ट १९२८ ला. आर्सेनल आणि चेल्सी एकाच दिवशी नंबर लावून उतरले. हेतू साधा. लांबून बसलेल्याला कोण खेळतोय ते कळावं.

आता नंबरवरूनच मारामारी. सात पाहिजे प्रत्येकाला. फुटबॉलवाल्याचा रोनाल्डो (नऊवाला नव्हे, दुसरा), क्रिकेटवाल्याचा धोनी. मग अकरा जणांच्या टीममध्ये एक ७, एक ०७, एक ७७ आणि एक ००७. उरलेल्यांपैकी एकाच्या पाठीवर ३८. का? हिंगोलीचा पासिंग नंबर एमएच ३८.

आमचा पेंटर द्रष्टा होता म्हणायचा.

महाराष्ट्रात फुटबॉलच्या ड्रेससाठी जीव टाकणारं गाव एकच, कोल्हापूर. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार. कुस्तीच्या तालमींची नावं आणि खेळ फुटबॉल. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० ची. शाहू स्टेडियमवर टीम उतरली की शर्ट नाही उतरत, पेठ उतरते. तिथे 'कुणाचा आहेस?' याचं उत्तर आडनावाने देत नाहीत. त्याच गावच्या अनिकेत जाधवने २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताचा निळा शर्ट घातला.

त्याच वर्षी आमच्याकडेही फुटबॉल आला होता. १५ सप्टेंबर २०१७. 'महाराष्ट्र मिशन वन मिलियन'. राज्यात एका दिवशी दहा लाख पोरांनी फुटबॉल खेळायचा. परिपत्रक निघालं, चेंडू आले, लाथा बसल्या, फोटो निघाले, अहवाल गेला. ड्रेस? शाळेचाच की.

दुसऱ्या दिवशी काय खेळले, याचं परिपत्रक नव्हतं.

तसा फुटबॉल आम्हाला परका नाही. दाखल्यासाठी या टेबलावरून त्या टेबलावर जाऊन बघा. तुमचाच होतो.

एक मात्र लागतं मनाला. संत नामदेवांचं नरसी याच जिल्ह्यातलं. शिंप्याच्या घरातला संत. सुई-दोऱ्याची थोरवी ज्या मातीत, तिथे पोरांचा ड्रेस शिवून कुठून येतो? पिशवीवरचा पत्ता वाचा. कधी तिरुपूर, कधी मेरठ, कधी जालंधर.

जालंधर म्हणजे पंजाब. नामदेव इथून पंजाबात गेले, घुमानला राहिले, त्यांची एकसष्ट पदं गुरु ग्रंथ साहिबात गेली. आम्ही भक्ती पाठवली. तिकडून टी-शर्ट आले.

व्यवहार कुणाला जमला, ते तुम्हीच ठरवा.

आता शेवटचं, पोराच्या ओरिजनलच्या हट्टाचं. त्याला म्हटलं, अर्जेंटिनाचा पाहिजे ना? मग ऐक.

२२ जून १९८६, मेक्सिको. उपांत्यपूर्व सामना, समोर इंग्लंड. अर्जेंटिनाला दुसरा, निळा ड्रेस घालायचा होता आणि तो मेक्सिकोच्या उन्हात जड व्हायचा. सामना तोंडावर. प्रशिक्षक बिलार्दोने माणूस पिटाळला, मेक्सिको सिटीच्या बाजारात. तो दुकानं हिंडून दोन निळे नमुने घेऊन आला. माराडोना आला, एकावर बोट ठेवलं, म्हणाला हा चांगला आहे. बाजारातून गठ्ठा आणला. शिवणाऱ्या बायकांनी घाईत छातीवर बिल्ले टाचले, तेही अर्धवट. नंबर मिळाले ते अमेरिकन फुटबॉलचे, चंदेरी, चमचम करणारे. इस्त्रीने चिकटवले.

त्या शर्टात माराडोनाने एक गोल हाताने केला आणि एक पायाने. हाताचा जगाने माफ केला नाही, पायाचा जग विसरलं नाही. सामना संपल्यावर शर्ट इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजला दिला. मे २०२२ मध्ये लिलावात त्याला एकाहत्तर लाख पौंडांहून जास्त आले.

बाजारातला माल. चिकटवलेला नंबर. टाचलेला बिल्ला. दसऱ्याच्या दोरीवरचा भाऊ याला काय म्हणेल?

"फस्ट कॉपी, भाऊ."

पोरगा ऐकून घेतो. मग म्हणतो, "बाबा, मग मला अडीचशेचाच घ्या, आणि उरलेल्यात बूट." हे गणित आमच्या काळी कुणाला सुचलं नसतं. आमची वही नडगीला होती.

माझ्या उलट्या नऊचं काय झालं? फडकं झालं. दोन-तीन वर्षं त्याने बापाची लुना पुसली. कापड विरलं, ऑइल पेंटातला ९ तेवढा तडे जाऊन शाबूत. लिलावाला कुणी आलं नाही.

परवा वसमतच्या मोंढ्यात गेलो होतो. हळदीचा हंगाम. वसमतच्या हळदीला आता भौगोलिक मानांकन आहे. म्हणजे ओरिजनल असल्याचा सरकारी बिल्ला, टाचलेला नाही, खरा. पोत्यांच्या थप्प्या लागलेल्या. ओरिजनल हळद वाहणाऱ्या हमालाच्या अंगात अर्जेंटिना, पाठीवर दहा, मेस्सी. दीडशेवाला. लवकर वाळतो, म्हणून घालतो म्हणाला. मेस्सी कोण, ते त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

सकाळी आला तेव्हा निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा होता. दिवसभर पाठीवर पोती, पोत्यांतून गळणारी हळद, वरून घाम.

संध्याकाळी निघाला तेव्हा ब्राझील झाला होता.